पिवळ्या रेघेचा खुंटा

मी एक खुंटा आहे. हसू नका. पराना नदीवर दोन देशांनी मिळून इता-मोरोती नावाचं अवाढव्य वीजधरण बांधलं. त्यात सिमेंट किती, लोखंड किती, हे सांगायला पुष्कळ शहाणे आहेत. मला कोणी कधी काही विचारलं नाही. आणि आता येत्या गुरुवारी चौकशी समिती येतेय, ती म्हणे माझ्याकडे बघूनच न्या पेत्रोना नावाच्या बाईला घर द्यायचं की नाही ते ठरवणार. म्हणून आधीच बोलून घेतो.

जन्म माझा लापाचोच्या झाडाचा. या लाकडावर कुऱ्हाड मारली तर कुऱ्हाडीलाच धार लावून आणावी लागते. गिरणीत मला सरळसोट केलं, दोन पुरुष उंच ठेवलं, अंगावर लाल-पांढरे पट्टे ओढले आणि ट्रकमध्ये घालून नदीकाठी आणलं. धरण भरल्यावर पाणी कुठवर चढेल, ते माझ्या अंगावर पिवळ्या रेघेनं दाखवायचं होतं. रेघेच्या खाली ज्याचं घर, त्याला नव्या वसाहतीत घर. रेघेच्या वर ज्याचं घर, त्यानं गप्प राहायचं. सरळ साधं काम, नाही का?

मला पुरलं ते न्या पेत्रोनाच्या अंगणात. विधवा बाई, चीजच्या कडक पावांची टोपली डोक्यावर घेऊन होडीच्या धक्क्यावर विकायची. अख्खा गाव तिला मानानं ‘न्या’ म्हणायचा आणि तिच्या तोंडाला घाबरायचा. घर उतारावर. खाली नदीच्या बाजूला स्वयंपाकघर, मग तीन पायऱ्या, आणि वर झोपायची खोली. मी बरोबर त्या पायऱ्यांना खेटून उभा.

रेघ कुठे मारायची, इथेच घोडं अडलं. मोजायला दोन इंजिनियर आले होते. ओरुए आमच्या पराग्वेचा, बर्नास्कोनी पलीकडच्या अर्जेंटिनाचा. बर्नास्कोनी उंची मोजायचा समुद्रापासून. आमच्या देशाला समुद्रच नाही, म्हणून ओरुए मोजायचा राजधानीच्या जुन्या घाटाच्या पायरीपासून. ओरुएच्या हिशेबानं पाणी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशीही येत नव्हतं. बर्नास्कोनीच्या हिशेबानं ते झोपायच्या खोलीत खाटेला लागत होतं. दोघांमध्ये फरक पाच वितींचा.

“तुमचा समुद्र चुकलाय,” ओरुए म्हणाला.

“समुद्र कसा चुकेल? तुमची पायरी खचली असेल!” बर्नास्कोनी म्हणाला.

न्या पेत्रोना कमरेवर हात ठेवून ऐकत होती. “अरे, पायरी खचू दे नाहीतर समुद्र आटू दे. मी भिजणार की नाही, तेवढं सांगा ना!”

ते सांगायचा अधिकार दोघांनाही नव्हता. प्रकरण गेलं संयुक्त मंडळाकडे. आता या मंडळाची तऱ्हा ऐका. करारात लिहिलं होतं की धरणातली प्रत्येक गोष्ट निम्मी तुमची, निम्मी आमची. म्हणून सगळं मोजून मापून मधोमध. आमची माणसं येर्बाचा पाला बर्फाच्या पाण्यात घालून पितात, पलीकडची तोच पाला कढत पाण्यात. तर मंडळानं कचेरीत दोघांसाठी कोमट पाण्याचं पिंप ठेवलं. त्या पिंपाला कोणी शिवत नसे, पण ते रोज भरलं जाई आणि भरल्याची नोंद दोन भाषांत व्हायची.

पाच वितींचंही तेच झालं. अकरा महिने बैठका झाल्या, किती बैल भाजून खाल्ले देव जाणे, आणि ठरलं काय? अडीच वीत! ना समुद्राचं खरं, ना पायरीचं. नदीला विचारायचं कोणाच्या डोक्यातही आलं नाही. एका मंगळवारी रंगारी आला आणि त्यानं माझ्या अंगावर पिवळी रेघ ओढली. ती गेली बरोबर तिसऱ्या पायरीच्या काठावरून. स्वयंपाकघर बुडीत, झोपायची खोली कोरडी.

पुढचं सांगताना मला आजही लाज वाटते, आणि मी लाकूड आहे. मंडळानं न्या पेत्रोनाला चौदा किलोमीटरवरच्या वसाहतीत नवं स्वयंपाकघर दिलं. फक्त स्वयंपाकघर. चार भिंती, एक चूल, एक खिडकी. किल्ली द्यायला दोन मंत्री आले, दोन बँड वाजले.

“म्हणजे मी रांधायचं तिकडे आणि घोरायचं इकडे?” तिनं कारकुनाला विचारलं.

“बस आहे ना रोज, न्या पेत्रोना.”

“रविवारी नसते.”

“मग रविवारी गार खा.”

“तुझ्या आईला देईन हो गार!” ती म्हणाली. बँडवाल्यांपैकी एकजण हसला, त्याला दोन्ही बाजूंनी ताकीद मिळाली.

ती किल्ली तिनं माझ्या डोक्यावरच्या खिळ्याला टांगली आणि जुन्याच चुलीवर पाव भाजत राहिली. धरण बांधायला नऊ वर्षं लागली. या नऊ वर्षांत तिला छपराचं एक कौलसुद्धा बदलायची परवानगी नव्हती, कारण अर्धं घर जाणार होतं. माझ्या अंगावरून कपडे वाळत घालायची दोरी गेली. बकरी बांधली. कोंबड्यांनी काय केलं ते सांगत नाही. दर सहा महिन्यांनी मंडळाचा माणूस येऊन वहीत लिहायचा, ‘खुंटा जागेवर आहे.’ छपराखाली बाई बादल्या मांडून बसलेली असायची, तिचं काही लिहायला त्या वहीत रकाना नव्हता. मग आमच्या डोक्यावरून विजेच्या जाड तारा गेल्या, एक तार या देशाला, एक त्या देशाला. खाली न्या पेत्रोनाच्या घरात रॉकेलचा दिवा तसाच राहिला.

शेवटी धरणाचे दरवाजे बंद झाले आणि पाणी चढायला लागलं. स्वयंपाकघर गेलं. एक पायरी, दुसरी, तिसरी. माझ्या रेघेपाशी येऊन पाणी थांबायचं होतं, नाही का? ठराव झाला होता, सह्या झाल्या होत्या. पाण्यानं सह्या वाचल्या नाहीत. भर दुपारी ते झोपायच्या खोलीत शिरलं आणि खाटेच्या कडेला येऊन थांबलं. अगदी बर्नास्कोनीच्या आकड्यावर!

न्या पेत्रोना खाटेवर पाय वर घेऊन बसलेली. बचावाची होडी आली आणि लांबच थांबली.

“पुढे या की रे!” ती ओरडली.

“येता येत नाही,” होडीतला अधिकारी म्हणाला. “कागदावर ही जमीन कोरडी आहे. कोरड्या जमिनीवर होडी आणायची तर दुसऱ्या खात्याचं पत्र लागतं.”

“मग त्या कागदावर मलाही कोरडी करून ने ना मेल्या!”

शेवटी ओरुए आणि बर्नास्कोनी दोघं होडीतून उतरले, कमरेइतक्या पाण्यातून आले आणि तिला हातांच्या खुर्चीवर बसवून घेऊन गेले. तेवढ्यातही दोघांचं चालूच होतं. “पाच वीत,” बर्नास्कोनी पुटपुटला. “साडेचार,” ओरुए म्हणाला. पण दोघांचेही डोळे भरले होते, मी पाहिलं.

घर मातीचं होतं. आठ दिवसांत बसलं. उरला एक मी, कमरेपर्यंत पाण्यात.

न्या पेत्रोना आता वसाहतीतल्या त्या स्वयंपाकघरात राहते. चुलीशेजारी पाय दुमडून झोपते, पाय लांब केले तर दाराबाहेर जातात. तिनं अर्ज केला की माझी झोपायची खोलीही बुडाली, तर मला पुरतं घर द्या. एक अर्ज मान्य केला तर मधल्या रेघेवरची तीनशे घरं अर्ज घेऊन उभी राहतील, ही मंडळाला धास्ती. आणि कागदावर लिहिलेलं होतं, ‘खोली खुंट्याला लागून.’ म्हणजे खुंटा कोरडा तर खोली कोरडी, सगळं माझ्यावर आलं.

गेल्या सोमवारी मंडळाच्या हुकमावरून ओरुए आणि बर्नास्कोनी पुन्हा आले. सोबत चार मजूर, दोन इकडचे, दोन तिकडचे. दोरखंड लावून त्यांनी मला उपटलं. चौदा पावलं वर, कोरड्या उतारावर नवा खड्डा खणला आणि मला तिथे ठोकलं. आता माझी रेघ पाण्याच्या वर आहे. माझ्याशेजारची जमीन खडखडीत कोरडी आहे.

“ओरुए, हे आपल्याला शोभत नाही,” बर्नास्कोनी म्हणाला.

“पेन्शनला मला दोन वर्षं आहेत. तुला?”

“तीन.”

“मग नीट धर, वाकडा जातोय.”

त्यानं मला नीट धरलं. पाच वितींवरून नऊ वर्षं भांडलेली माणसं, एवढ्या एका गोष्टीवर त्यांचं एकमत झालं. जाताना ओरुएनं माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाला, “माफ कर बाबा.” माफी मागायची होती ती बाई चौदा किलोमीटरवर होती. तिच्याकडे जायची बस तेव्हा समोरच उभी होती, पण तो आपल्या जीपमध्ये बसला.

तर समितीच्या साहेबांनो, गुरुवारी तुम्ही दोन गाड्यांतून याल. वहीत लिहाल, ‘खुंटा जागेवर आहे.’ माझं ऐकू नका. माझ्या रेघेकडे बघू नका, मी उपटून आणलेला खोटा साक्षीदार आहे. न्या पेत्रोना काठावर उभी असेल, ओरडत असेल, तिला गप्प करू नका. ती बोट दाखवेल तिकडे चौदा पावलं चाला. बूट काढा, विजारी वर गुंडाळा आणि पाण्यात उतरा. तिच्या खोलीची जमीन तुमच्या पायाला लागेल.