पायऱ्यांखालचा डबा

मित्रांनो, मी एक जुना चौकोनी स्टीलचा डबा आहे आणि तुमच्याशी गोड बोलायची माझी मुळीच इच्छा नाही.

वसईच्या इनेजने मला नवऱ्याच्या जेवणासाठी दुबईला आणलं होतं. पण तिच्या नवऱ्याने, पॅट्रिकने, मला एका खेळात घातलं. या खेळात कोणीतरी डबा लपवतो आणि त्याची जागा इंटरनेटवर टाकतो. लोक जीपीएस घेऊन शोधत येतात, आतल्या कागदावर नाव लिहितात आणि डबा होता तिथे ठेवून जातात.

दुबईपासून दीडेक तासावर, समुद्रकाठच्या खोर फक्कानजवळ मोत्यांच्या एका व्यापाऱ्याची जुनी बाग होती. खजूर, आंबे, लिंबं आणि मधोमध त्याचं उन्हाळ्यात राहायचं मोठं घर. पॅट्रिकच्या कंपनीने व्हिला बांधायला ती जागा घेतली आणि घर पाडलं. दगडी पायऱ्या तेवढ्या उरल्या. पॅट्रिकने मला त्यांच्याखाली लपवलं. लोक येत, माझ्यासोबत फोटो काढत, सावलीत बसून खात आणि कचरा तिथेच टाकून जात. मला त्यांचा राग येई.

मग मंदी आली. व्हिलांचं काम थांबलं, पॅट्रिकची नोकरी गेली. देश सोडण्यापूर्वी तो मला घरी न्यायला आला. नेमका त्याच दिवशी त्याचा साहेब चारुदत्त आपली बायको प्रमिला आणि मुलगी आभा यांना घेऊन शहरातल्या अल मजाज भागातून हा खेळ खेळायला आला.

"डॅडी, व्हेअर इज द हाउस?" नुसत्या पायऱ्या बघून आभाने विचारलं.

"सांगा ना, सर," पॅट्रिक म्हणाला. "तुम्हीच उभं राहून पाडलंत."

"मुलीसमोर नको, पॅट्रिक. वरून ऑर्डर होती."

"आणि विहिरीवरचा पंप बंद केलात, तो? झाडं मरतायत."

"प्रोजेक्ट खलास झालाय. डिझेल कोण देणार? मी पंप चालू केला तर उद्या माझा नंबर लागेल."

"माझा लागलाच की. कामावरून काढल्याच्या पत्रावर सही तुमचीच होती."

"चला हो इथून," प्रमिला नवऱ्याला म्हणाली. "यांच्या तोंडी लागू नका."

चारुदत्तने मला पॅट्रिकच्या हातातून ओढलं आणि आतला कागद मुलीपुढे धरला. "नाव लिही, मग निघू."

"नो," आभा म्हणाली. "आय डोन्ट वॉन्ट अवर नेम हिअर."

त्याने मला पायरीवर आपटलं. माझा एक कोपरा चेपला तो कायमचा. मुलगी त्याच्यापुढे एकटीच गाडीकडे चालत गेली.

पॅट्रिकने मला उचलून पुसलं, पण नेलं नाही. "राहा इथेच," तो म्हणाला. "घर कुठे गेलं, असं लोक विचारतील तरी."

पंप पुन्हा सुरू झाला नाही. लिंबं वाळली, मग आंबे, शेवटी खजूर. लोक अजून येतात. मोबाइलकडे बघत वाळक्या खोडांमधून सरळ माझ्याकडे येतात, नाव लिहितात आणि जातात. त्या मुलीनंतर एकानेही घराबद्दल विचारलेलं नाही.

तेव्हा मित्रांनो, मला शोधायला येऊ नका. आलातच, तर पाण्याचा कॅन भरून आणा. पायऱ्यांच्या उजवीकडे एक गाफचं, आपल्या शमीसारखं वाळवंटी झाड अजून जिवंत आहे.