लाल हात

"घाल हात," म्हातारी मावशी अरेनलाला म्हणाली.

"माझं वय नाही झालं अजून," अरेनला चुलीपासून मागे सरकली.

चुलीवर मंजिष्ठेची मुळं उकळून कोमट होत आली होती. लाल रंगात हात घालायचा तो म्हाताऱ्या बाईनंच, ही गावची जुनी चाल. तरण्या बाईनं घातला, तर तिचं रक्त त्या रंगात उतरतं आणि ती वाळत जाते. रविवारी सगळं गाव चर्चला जाई, पण या बाबतीत पाद्रीबाईंनीसुद्धा धोका पत्करला नव्हता.

लाल रंग जाणणारी मावशी एकटीच उरली होती आणि आता तिच्याच्यानं मुसळ उचलवत नव्हतं. अरेनलाच्या भाचीच्या लग्नाच्या शालीला लाल पट्टे हवे होते. बाजारच्या सुतानं मागे एकाचा घात केला होता. पहिल्याच धुण्यात शाल गुलाबी झाली आणि गाव अजून त्याला गुलाबी जावई म्हणत होतं.

"मला काही झालं तर?"

"तुला काही होणार नाही. तेच तर तुझं दुखणं आहे." मावशीनं विस्तव मागे सारला. "मोठा भूकंप झाला त्याला साठ वर्षं झाली, तेव्हा तू माझ्या पाठीवर बांधलेली होतीस. चुरुचुरु बोलत होतीस."

"ती माझी बहीण असेल."

"बहीण माझ्या आईच्या पाठीवर होती."

खरं दुखणं होतं लिमातोशी. हा विधुर दूरच्या गावाहून लेकीकडे राहायला आला होता आणि चर्चमधल्या गाणाऱ्यांचा म्होरक्या झाला होता. केस कोळशासारखे काळे, कलपाच्या बाटलीच्या कृपेनं. दर शनिवारी तो अरेनलाच्या दारात सरपणाची मोळी टाकी, चहा पिई आणि जाई. तिनं त्याला आपलं वय बावन्न सांगितलं होतं. मंजिष्ठा मात्र कोपरापर्यंत चढते आणि आठवडेच्या आठवडे उतरत नाही. म्हणजे खऱ्या वयाची गावभर दवंडीच.

मावशीनं वाद सोडला. भिंतीला धरून उठली आणि उरलेली मुळं कुटायला स्वतःच मुसळ घेतलं. ते उखळाच्या काठावर आपटलं, मुळं जमिनीवर सांडली. ती वेचायला वाकली, पण बोटं मिटेनात.

अरेनलानं बाह्या वर सारल्या.

"आधी चव बघ," मावशी खाली बसत म्हणाली. "आंबट पानं कमी पडली तर रंग विटकरी येतो."

अरेनलानं बोट चाटलं आणि तिचे डोळे मिटले.

"हं. असं तोंड झालं म्हणजे पुरे. आता बुडव."

रविवारी ती लांब बाह्यांचं झंपर घालून गेली. पण गाण्याचं पुस्तक काही बाहीत धरता येत नाही. लिमातोशीनं सूर द्यायला हात उचलला, तिचे हात पाहिले आणि आपला खाली आणायचं विसरला. पुरुषांना तो सूर एवढा लांबवावा लागला की दोघांना ठसका लागला.

शनिवारी मोळी आली नाही. त्यानंतरच्या शनिवारीही नाही. अरेनला सरपण स्वतः आणू लागली. मावशी त्यावर एक अक्षर बोलली नाही, यावरून प्रकरण गंभीर आहे हे गावानं ओळखलं. शाल विणून झाली. पट्टे पिकल्या मिरचीसारखे लाल आले. मावशीनं ते बोटांनी चाचपले आणि दुसऱ्या दिवशी आपलं उखळ-मुसळ अरेनलाच्या घरी पाठवून दिलं.

लग्न होऊन गेल्यावर एका शनिवारी त्या उखळाशेजारी मोळी पडली. नेहमीच्या दुप्पट.

"रंगाला आच जास्त लागते म्हणे," लिमातोशी म्हणाला.

"लागते. इतके दिवस कुठं होता?"

त्यानं लोकरीची टोपी काढली. मुळाशी पांढरेशुभ्र केस उगवले होते, टोकं अजून काळी होती.

"हे वाढायला वेळ लागतो," तो म्हणाला.

अरेनलानं ते डोकं नीट न्याहाळलं, अर्धवट बुडवलेल्या सुताची लड न्याहाळावी तसं. मग चहा ओतून कप त्याच्यापुढे धरला. बाह्या तिनं खाली ओढल्या नाहीत.