अकरा मीटर

ठमाबाईंचा मुलगा नवनाथ याच्या घरी नऊ वर्षांनी पाळणा हलला, ते साल दोन हजार पंचवीस. नातीचं बारसं होऊन चारच दिवस झाले होते. त्या आषाढातल्या एका सकाळी ठमाबाई बेंडकुळे नाशिकमधल्या शाळेच्या मैदानावर, गोलच्या खांबांसमोर उकिडव्या बसून जमीन न्याहाळत होत्या.

"आजी, काही हरवलं का?" वेदिकाने विचारलं. वेदिका नववीतली, मुलींच्या फुटबॉल संघाची कप्तान. सरावाला सगळ्यांच्या आधी यायची.

"हरवलं नाय. कोणी हलवलंय, ते बघते."

काल संध्याकाळी त्यांनी स्वतःच्या हाताने पेनल्टीचा ठिपका घातला होता. गोलच्या रेषेवर खिळा, खिळ्याला दोरी, दोरी ताणली की गाठ येईल तिथे मूठभर पांढरी फक्की. तो ठिपका आता पायाने पुसलेला होता. त्याच्या पलीकडे, हातभर लांब, दुसराच ठिपका होता. तो त्यांच्या ठिपक्यापेक्षा गोल होता, नेटका होता. ठमाबाईंना त्याचाच जास्त राग आला.

"क्रिकेटवाली मुलं असतील," वेदिका म्हणाली.

"क्रिकेटवाली पोरं पुसतील. नवा घालून देणार नाय."

ठमाबाईंचा स्वभावच संशयी. दूधवाल्यासमोर त्या दुधात बोट घालून बघत. दवाखान्यात बाळं बदलतात असं कुठूनतरी ऐकलं, तर नात जन्मल्याबरोबर नर्सच्या देखत त्यांनी तिच्या पायात काळा दोरा बांधला. अठ्ठावन्नाव्या वर्षी साक्षरता वर्गात बसून त्या वाचायला शिकल्या, तेव्हा संशय कमी होईल असं घरच्यांना वाटलं होतं. झालं उलटंच. पूर्वी लोक काहीही सांगतात म्हणायच्या; आता लोक काहीही लिहितात म्हणायला लागल्या.

त्यांचा नवरा वाळू याच मैदानावर बावीस वर्षं नोकरीला होता. खो-खो, कबड्डी, क्रिकेट, सगळी आखणी त्याच्या हातची. तो गेला तेव्हा त्याची कायमची जागा आपल्याला मिळेल अशी ठमाबाईंना आशा होती. संस्थेने ती सावळीराम गांगुर्डेला दिली, आणि यांना रोजंदारीवर फक्की मारायला ठेवलं. सावळीराम वाळूच्या हाताखाली शिकलेला. त्यानेच ऑफिसात कान भरले, हे ठमाबाईंनी तेव्हाच ठरवलं. त्याला एकोणीस वर्षं झाली. इतक्या वर्षांत दोघं एकमेकांशी सरळ एक शब्द बोलले नव्हते. सांगायचंच झालं तर ठमाबाई कडुनिंबाकडे तोंड करून सांगत, "काही लोकांना रोलर जागेवर ठेवायचं कळत नाय, काय रे निंबा?" आणि सावळीराम मुकाट्याने रोलर ढकलत नेई.

फुटबॉल या मैदानावर आला तो खेळाच्या शाझिया मॅडममुळे. त्या मनमाडच्या. रेल्वे कॉलनीत मुलांच्यात खेळून मोठ्या झालेल्या. एप्रिलमध्ये त्यांनी ऑफिसातला टेप आणून मैदान मोजलं. टेपचं दुसरं टोक सावळीरामने धरलं होतं. ठमाबाईंनी त्या मापाला आपली सुती दोरी लावली आणि गाठी मारून घेतल्या. टेपवर त्यांचा भरवसा नव्हता. टेप ऑफिसचा, दोरी घरची.

त्या वर्षी जगभर बायकांचा फुटबॉल चालला होता. मॅडमनी सामानाच्या खोलीत भिंतीवर कागदच लावला होता: युरोपच्या बायका स्वित्झर्लंडमध्ये, आफ्रिकेच्या मोरोक्कोत, दक्षिण अमेरिकेच्या इक्वेडोरमध्ये. सगळं जुलैत. ठमाबाईंनी तो कागद अक्षराला अक्षर लावून वाचला.

"एकाच महिन्यात इतक्या बाया घर सोडून खेळायला गेल्या?"

"हो आजी."

"मग घरचं कोण बघतं?"

"घरचे," मॅडम म्हणाल्या.

पाच जुलैला भारताच्या मुलींनी थायलंडला त्यांच्याच देशात हरवलं आणि आशियाई स्पर्धेतली जागा मिळवली. मुलींनी मैदानावर पेढे वाटले. ठमाबाईंनी खव्याचा वास घेऊन मग खाल्ला.

पुढे अठरा तारखेच्या सकाळी सगळ्या मुली मॅडमच्या मोबाइलभोवती गोळा झाल्या होत्या. आदल्या दिवशीचा इंग्लंड आणि स्वीडनचा सामना पेनल्टीवर गेला होता. दोन्हीकडून मिळून चौदा फटके मारले गेले, त्यातले नऊ वाया. ठमाबाईंनीही मान घालून पाहिलं.

"एवढ्या मोठ्या खेळाडू, आन नऊ हुकले? त्यांचाबी ठिपका कोणीतरी हलवला असंल."

मुली हसून हसून लोळल्या. ठमाबाई हसल्या नाहीत.

मॅडमनी मात्र धडा घेतला. "पेनल्टी सोपी वाटते ना, म्हणूनच हुकते. आजपासून रोज प्रत्येकीने दहा मारायच्या." ऑगस्टच्या शेवटी जळगावला विभागीय सामने होते. शाळेचा मुलींचा संघ पहिल्यांदाच तिथवर पोहोचला होता.

म्हणजे आता साऱ्या मैदानात महत्त्वाचा तो एक ठिपका. ठमाबाई रोज संध्याकाळी घालत, पाऊस आला तर सकाळी पुन्हा घालत. आणि एक दिवसाआड तो हातभर लांब गेलेला असे. त्या पुसत, दोरी ताणत, आपल्या जागी आणत. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

"कधी जवळ वाटतं, कधी लांब," वेदिका कुरकुरली.

एका सकाळी सावळीराम नळावर पाय धूत होता. त्याच्या खाकी पँटचा उजवा गुडघा पांढरा होता. बोटांनाही फक्की. त्या आठवड्यात फक्कीचं पोतं ठमाबाईंशिवाय कोणी उघडायचं काम नव्हतं.

त्या निंबाला काही बोलल्या नाहीत. घरी गेल्या आणि वहीचं पान फाडलं. सही सोडून त्यांनी आयुष्यात कुठे काही लिहून दिलं नव्हतं. तीन दिवस लागले. सुनेने दुरुस्त करून देते म्हटलं, तर पान पदराखाली लपवलं. "सावळीराम गांगुर्डे माझी आखणी रोज बिघडवतो. मुलींचं नुकसान होते. त्याला ग्राऊंडवर ठेऊ नये." खाली पूर्ण नाव.

हेडसरांना अर्ज बराच सोयीचा पडला. संस्थेच्या देवळा गावातल्या शाळेला वॉचमन हवा होता आणि कोणी जायला तयार नव्हतं. त्यांनी सावळीरामला बोलावून विचारलं, "ठिपका तुम्ही हलवता?"

"हां."

"कशाला?"

एक ऑगस्टला तो देवळ्याला रुजू झाला. जाताना किल्ल्या मॅडमच्या हातात देऊन एवढंच म्हणाला, "टेपनं मोजत जा मॅडम."

"बघा, जाता जाताबी खोडी," ठमाबाई म्हणाल्या. मॅडमना सामन्यांची घाई होती. टेप ऑफिसच्या कपाटातच राहिला.

त्यानंतर ठिपका जागचा हलला नाही. मुलींचे पायही बसले. वेदिका दहातले नऊ मारायला लागली. ठमाबाई रेषेबाहेर उभ्या राहून मोजत आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, "कीड गेली, पीक आलं."

जळगावला संघाबरोबर आणखी एक बाई हवी होती, म्हणून त्यांना नेलं. पिशवीत लुगडं, चटणी-भाकरी आणि दोरी. परक्या मैदानाचा काय भरवसा?

सामना एक-एक असा बरोबरीत सुटला. पेनल्टी आल्या. आपल्या मुलींनी पहिली मारली, ती आत. दुसरी आडव्या खांबावरून गेली. तिसरी आत. चौथी गोलरक्षक मुलीच्या सरळ हातात. समोरच्यांच्या चारांपैकी तीन आत गेल्या होत्या. पाचवीला वेदिका. तिने चेंडू ठेवला, मागे आली, एकदा गोलकडे पाहिलं, एकदा ठिपक्याकडे. पुन्हा गोलकडे. मारलेला चेंडू आडव्या खांबावर आदळून मैदानात परत आला.

मुली तिथेच खाली बसल्या. ठमाबाई मात्र पिशवीतून दोरी काढत तरातरा आत गेल्या.

"कोणी आखलंय हे? बोलवा त्याला! मी काय मोजल्याशिवाय जायची नाय!"

पंच समजूत घालत होता, तोवर त्यांनी वेदिकाला खिळा धरायला लावून दोरी ताणलीसुद्धा. गाठ ठिपक्याच्या हातभर अलीकडे आली.

"हे बघा! हे बघा सगळ्यांनी! हातभर लांब! पोरींचा घात केला!"

बघे जमले. पंच शांत माणूस होता. त्याने लोखंडी टेप मागवला, एक टोक गोलच्या रेषेवर ठेवलं, दुसरं स्वतः ठिपक्यावर नेलं. "बाई, वाचता येतं ना? वाचा."

ठमाबाई वाकल्या. अकरा मीटर. कमी नाही, जास्त नाही.

मग त्याने तोच टेप त्यांच्या दोरीला लावला. तो आकडा त्यांनी मोठ्याने वाचला नाही. गर्दीत कोणीतरी हसलं. वेदिका अजून गुडघ्यावर, खिळा धरून होती. तिने दोरीकडे पाहिलं, मग ठमाबाईंकडे पाहिलं आणि खिळा सोडून दिला.

परतीच्या गाडीत शाझिया मॅडम येऊन शेजारी बसल्या. "आजी, हातभराने काही होत नाही. हुकलं ते हुकलं." पण बोलताना त्या खिडकीबाहेर बघत होत्या. मागच्या बाकावर वेदिका कोणाला तरी सांगत होती, "मला गोल लांब दिसला गं. म्हटलं, असं कसं."

त्याच रविवारी ठमाबाई देवळ्याच्या बसमध्ये बसल्या.

शाळेच्या फाटकाशी सावळीराम प्लॅस्टिकच्या खुर्चीत होता. रस्त्याने कांद्याचे ट्रॅक्टर चालले होते. यांना पाहून तो उठला, खुर्ची पुढे सरकवली.

"बसा वहिनी."

"बसायला नाय आले." मग बसल्या. म्हणाल्या, "दोरी आटली."

"हां."

"तुम्हाला ठाऊक व्हतं?"

"सुती दोरी, पहिल्या पावसात आटायचीच. वाळूदादा दर आषाढात जुन्या गाठी सोडून नव्या मारायचे. तुम्ही डबा घेऊन यायच्या तव्हा बघितलं नाय का?"

ठमाबाई डबा घेऊन यायच्या तेव्हा वाळू भाकरी पुरती खातो का कुत्र्याला टाकतो, एवढंच बघत असायच्या.

"मग तोंडानं सांगायला काय झालं व्हतं?"

"कोणाला सांगू? माझ्यासमोर तुम्ही झाडाशी बोलायच्या." सावळीरामने कपाळावरची टोपी मागे सारली. "म्हणलं, गुपचूप नीट करून ठेवावं. टेप लावायचा, ठिपका घालायचा. तुम्ही पुसायच्या, मी घालायचा."

"हेडसरनी विचारलं, तव्हा तरी?"

"तव्हा सांगितलं असतं तर तुमची आखणी काढून घेतली असती. रोजंदारीच्या माणसाला काय, उद्यापासून येऊ नका म्हणलं की झालं. आन खरं सांगू? रागबी आला व्हता. म्हणलं, आखू दे एकदा हिच्या मनासारखं."

एक ट्रॅक्टर खूप वेळ हॉर्न वाजवत गेला.

"किती हुकल्या?" त्याने विचारलं.

"तीन."

"वेदिकाची?"

"आडव्या खांबाला."

"ती मारताना मागं झुकते. सुरुवातीपासून झुकते. ते दोरीचं नाय वहिनी."

हे खरं होतं की आपल्याला बरं वाटावं म्हणून तो म्हणाला, हे ठमाबाईंना कळेना. एरवी त्यांनी खोदून खोदून विचारलं असतं. त्या दिवशी विचारलं नाही. पिशवीतली भाकरी काढली, अर्धी त्याला दिली. दोघांनी फाटकाशी बसून खाल्ली. निघताना त्या म्हणाल्या, "मी लिहून देते. तुम्हाला माघारी आणते."

"राहू द्या. तुम्हाला लय दिवस लागतात लिहायला," सावळीराम म्हणाला, आणि एकोणीस वर्षांत पहिल्यांदा ती दोघं एकमेकांकडे बघून हसली.

या वेळी एक दिवस लागला. चूक माझी होती, सावळीराम गांगुर्डे बरोबर मोजत होते, त्यांना ग्राऊंडवर परत घ्यावे. हेडसरांनी अर्ज वाचला आणि म्हटलं, "बाई, तुमचं एकदा नक्की काय ते ठरवा." दोन दिवसांनी आखणीचं काम एका ठेकेदाराच्या माणसाकडे गेलं. ठमाबाईंना वर्ग झाडायला ठेवलं. त्यांनी तक्रार केली नाही. दर सोमवारी मात्र त्या ऑफिसच्या दारात उभ्या राहत आणि क्लार्कला विचारत, "सावळीरामचं काय झालं?" क्लार्क म्हणे, "संस्थेच्या बैठकीत ठेवलंय."

दिवाळी झाली. बैठक नोव्हेंबरची डिसेंबरवर गेली. मध्यंतरी शाझिया मॅडमनी वेदिकाला मागे न झुकता मारायला शिकवायला घेतलं. ती झुकतच होती. शेवटी बैठक डिसेंबरच्या वीस तारखेला झाली आणि सावळीराम गांगुर्डे यांना नाशिकच्या मैदानावर परत घ्यावं, असा ठराव झाला.

सावळीराम गांगुर्डे गुरुवारी, ११ डिसेंबर २०२५ रोजी, पहाटे देवळ्याच्या दवाखान्यात न्यूमोनियाने वारले होते. ते सत्तावन्न वर्षांचे होते.