शेंगदाण्याचे दोन बार

मी शेंगदाणा बोलतोय. हसू नका. मी खरं तर दोन नळ्यांचं, खिशात मावणारं पिस्तूल आहे. शेंगदाणा हे नाव मला बर्ल हटो नावाच्या एका म्हाताऱ्यानं हेटाळणीनं ठेवलं आणि तेच मला चिकटलं.

माझा जन्म टेक्सासातल्या एका कारखान्यातला. एकावर एक बसवलेल्या दोन आखूड नळ्या, अक्रोडाच्या लाकडाची मूठ, मागे एक कडक घोडा. घोडा ओढून चाप दाबला की एक नळी, पुन्हा ओढून दाबला की दुसरी. झालं, एवढाच माझा संसार!

तिथून मी त्याच मुलखातल्या सोटोल वेल्स गावात वेंडेलच्या दुकानात आलो. वेंडेल बंदुका विकतो, गुरांना चाटायच्या मिठाच्या विटाही विकतो आणि गाडीचे पट्टेही. काचेच्या पेटीत माझ्या दोन्ही बाजूंना सहा-सहा बारांची लांबलचक रिव्हॉल्व्हरं ऐटीत पडलेली असत. गिऱ्हाईक त्यांना हातात घेई, आरशात बघे, पोट आत घेई. मला उचललं तर ते फक्त हसण्यासाठी. माणसांना मोठ्या वस्तूचा केवढा आधार वाटतो, हे मी तिथंच पाहिलं.

एके दिवशी ओपल टीग आली. साठी उलटलेली, सडपातळ, उन्हानं रापलेली बाई. नवरा रॉइस आदल्या हिवाळ्यात गेला होता आणि ती गुरांच्या मोठ्या रानात एकटीच राहत होती. टेकाडापलीकडचा बर्ल हटो हा तिचा सगळ्यात जवळचा शेजारी. तोही तेव्हा दुकानातच होता, वेंडेलची फुकटची कॉफी पीत.

"वेंडेल, अंगावर बाळगायला काहीतरी दे बाबा," ओपल म्हणाली. "रॉइसचं ते धूड कमरेला लावलं की माझी पँटच खाली येते."

वेंडेलनं मला तिच्या हातावर ठेवलं. बर्ल खो खो हसला.

"अगं ओपल, हे पिस्तूल आहे की शेंगदाणा? दोनच बार! आणि नळी बघ केवढीशी. दहा पावलांवरून चाऱ्याचं कोठारसुद्धा चुकेल यानं!"

"कोठार अंगावर धावून आलं, तर तुला बोलवीन हो."

"हटोकाका खोटं नाही बोलत, ओपलबाई," वेंडेल म्हणाला. "घोडा कडक आहे. हाताला दणका बसतो. लांबचा नेम विसराच. पण मला सांगा, रॉइसकाकांचं सहा बारांचं कुठं असायचं?"

"खुंटीला. आणखी कुठं!"

"सगळ्यांचं खुंटीलाच असतं. नाहीतर गाडीत सीटखाली. हे मात्र तुम्ही म्हशीसारखं चिखलात बसलात तरी खिशात राहील."

"म्हैस कुणाला म्हणतोस रे?" असं म्हणत तिनं अंगठ्यानं माझा घोडा ओढला. तो कडक घोडा दुकानात कुणालाच एका दमात ओढता येत नसे. तिनं तो ओढला आणि अलगद परत खाली ठेवला. त्या अंगठ्याचं मला त्याच क्षणी नवल वाटलं. बर्लचंही हसू थांबलं.

तेव्हापासून मी तिच्या सदऱ्याच्या बटणाच्या खिशात राहू लागलो. माझ्या वजनानं सदरा एका बाजूला ओढला जाई आणि ती वरचेवर तो सारखा करी. घामाचा, चाऱ्याचा आणि सांधेदुखीच्या मलमाचा वास मला सवयीचा झाला. तिच्यावर चालून आलेला माणूस मी कधी पाहिला नाही. साप मात्र पुष्कळ पाहिले. त्या मुलखात शेपटीनं खुळखुळ वाजवणाऱ्या विषारी सापांना तोटा नाही. वरच्या नळीत ती छर्‍याचं काडतूस भरी, खालच्या नळीत गोळी. साप मारून झाला तरी तिच्या अंगातलं कापरं जात नसे, मग रागारागानं दुसराही बार ती त्याच्यावरच काढी.

आता इथली एक रीत सांगतो, कारण पुढचं सगळं त्या रितीवर अवलंबून आहे. या रानात लागोपाठ तीन बार ऐकू आले, तर ती हाक असते. कुणीतरी अडकलंय, धावा! हातातलं काम टाकून माणसं धावतात, भांडणात असलेलीही धावतात. एक बार म्हणजे साप. आणि टेकाडापलीकडे बर्लला दोन ऐकू आले, तर तो समजे, ओपलचा साप.

उन्हाळ्यातली गोष्ट. पवनचक्कीचं पाणी गुरांच्या हौदात पडतंय का, ते बघायला ओपल सकाळीच चार चाकांची फटफटी घेऊन निघाली. कोरड्या ओढ्याच्या काठावर माती सुटली आणि फटफटी तिच्यासकट खाली गेली. धूळ बसली तेव्हा ती उताणी होती आणि गुडघ्याखालचा उजवा पाय फटफटीच्या लोखंडी दांड्याखाली रुतला होता. मोबाईलला तिथं कधीच रेंज येत नाही. पाण्याची बाटली आणि माझ्या काडतुसांचा डबा फटफटीच्या पेटीत, आणि पेटी खाली चेपलेली.

तिनं ढकलून पाहिलं. ओरडून पाहिलं. रॉइसला शिव्या घातल्या, मग त्याची माफी मागितली. ऊन डोक्यावर आलं, ओठ फुटले. टेकाडापलीकडून लोखंडावर लोखंड आपटल्याचा बारीक आवाज येत होता. बर्ल कुंपणाचे खांब ठोकत होता.

तिनं मला बाहेर काढलं आणि आभाळाकडे धरून पहिला बार काढला. मग ती थांबली. मला खाली आणून माझ्याकडे बघत राहिली.

"तिसरा असता रे, शेंगदाण्या," ती म्हणाली. आणि जरा वेळानं, अगदी हळू: "ही एक राखून ठेवावी का?"

कशासाठी, ते मला कळलं. आम्हा पिस्तुलांना ते सांगावं लागत नाही. सापासमोर मला कधी भीती वाटली नव्हती, पण त्या वेळी मी भ्यालो. ती एवढी शांत होती, म्हणूनच भ्यालो.

"छे!" ती एकदम म्हणाली. "सोमवारी वासरांना लस टोचायचीय."

आणि दुसरी गोळीही तिनं आभाळाला देऊन टाकली.

खांब ठोकण्याचा आवाज क्षणभर थांबला. आम्ही दोघांनी कान टवकारले. मग आवाज पुन्हा सुरू झाला.

मी रिकामा झालो. माझ्याबद्दल जे जे बोललं गेलं होतं, ते सगळं खरं ठरलं होतं. दोन बार, आणि खेळ खलास. आता ही बाई मला भिरकावून देईल, असं मला वाटलं. तिनं तसं केलं नाही. तिनं मला उलटं धरलं, मुठीवर दोन्ही तळवे आवळले आणि माझ्या नळ्या आपल्या पायाशेजारच्या मातीत खुपसल्या.

ती माती नव्हतीच म्हणा, चुन्यासारखी घट्ट बसलेली पांढरी खडी. माझ्या तोंडातून ठिणगी उडाली. ती खणत राहिली. नखानं माती ओढायची, पुन्हा मला खुपसायचं. मधे तिला ग्लानी यायची, हात थांबायचे, मग डोळे उघडायचे आणि हात चालू व्हायचे. तळव्यांची साल निघाली, माझी मूठ रक्तानं निसरडी झाली, तर तिनं सदऱ्याची बाही फाडून ती माझ्याभोवती गुंडाळली. मी बंदुकांच्या शौर्याच्या पुष्कळ गप्पा दुकानात ऐकल्या होत्या. असं काही कुणी सांगितलं नव्हतं. मी एवढासा लोखंडाचा तुकडा, पण त्या हातांत असताना मला आपण कुणीतरी मोठे आहोत असं वाटलं. आयुष्यात तेवढंच एकदा.

ऊन कलतं झालं तेव्हा पायाखालची खडी ढासळली आणि पाय सुटला. ती किंचाळली, मग हसली. ओढ्यातून सरपटत ती कच्च्या रस्त्याला लागली. घरी निघालेल्या बर्लची गाडी तिथं आली तेव्हा ती रस्त्याच्या कडेला बसली होती आणि मी तिच्या मुठीतच होतो. तिची बोटं उघडत नव्हती.

बर्लनं तिला गाडीत घातलं.

"मी बार ऐकले गं," तो म्हणाला. "दोन्ही ऐकले. म्हटलं, आज साप मोठा दिसतोय. हातोडा खालीसुद्धा ठेवला नाही मी."

"पाणी दे आधी," ओपल म्हणाली. "मग रड."

तिचा पाय वाचला. चालताना लंगडते, पण तिच्याच रानात लंगडते.

मी मात्र निकामी झालो. खालची नळी तोंडाशी फाकलीय, दोन्हीत खडी बसलीय, नळ्या उघडायची बिजागरी हलत नाही. वेंडेलनं मला उलटंसुलटं करून पाहिलं. "ओपलबाई, यातून बार काढू नका हं, हातात फुटेल. दुसरं घ्या. कितीचं देऊ?"

"तीनचं आहे?"

"तीनचं नसतं हो."

"मग दोनचंच दे. खिशात मावणारं."

बर्ल तिथंच होता. त्यानं कॉफीचा पेला खाली ठेवला आणि तो बाहेर जाऊन उभा राहिला.

मी आता स्वयंपाकघराच्या खिडकीत असतो. खिडकीतून अंगण दिसतं, आणि टेकाडावरून उतरणारा रस्ताही. नवं पिस्तूल चांगलं आहे, नेम माझ्यापेक्षा बरा आहे. गेल्या आठवड्यात अंगणात साप निघाला. ओपलनं एक बार काढला, सवयीनं दुसराही काढला. आत येऊन तिनं हात धुतले आणि बर्फाच्या चहाचे दोन पेले टेबलावर ठेवले. मला कळेना, दोन कशाला? तेवढ्यात टेकाडावर धुरळा उठला. बर्लची गाडी खडखडत अंगणात शिरली. टोपी नाही, एक बूट घातलेला, एक हातात, मागे फावडं आणि पहार.

"साप होता रे!" ओपल दारातून ओरडली.

"असू दे," तो धापा टाकत म्हणाला. "असू दे."

हे असं दर वेळी होतं. म्हाताऱ्याला गुडघे धड वाकवता येत नाहीत, तरी येतो.

तुम्ही दुकानात जाल, माझ्यासारख्यांना तळहातावर घ्याल, किती बार, किती वजन, कितपत नेम, ते बघाल. बघा, त्यात चूक काही नाही. माझं मागणं वेगळं आहे. टेकाडापलीकडून कधी दोन बार ऐकू आले, तर तिसऱ्याची वाट बघत बसू नका.