शेवटची बाग

वरलक्ष्मीने रिमोटचं बटण दाबलं आणि टीव्हीवरचं शेवटच्या बागेचं चित्र पुसून टाकलं. जुने खेळ चालवणाऱ्या एम्युलेटरमध्ये खेळ जिथे थांबवावा तिथलं असं इवलंसं चित्र साठवलेलं राहतं. दुसऱ्या दिवशी तिथूनच पुढे जाता येतं. आता ते राहिलं नव्हतं. आत स्वयंपाकघरात अम्मा कॉफीचा फिल्टर धूत होती.

खरं तर हा खेळ घरात आणला वरलक्ष्मीनेच. लहानपणीचा टीव्ही-गेम कधीच मोडीत गेला होता, पण दोन उंदरांनी मिळून बागा ओलांडायचा तो जुना खेळ तिने शोधून काढला. अम्माची बोटं आखडतात म्हणून वेग कमी केला, उडीचं बटण अंगठ्याखाली आणून दिलं. पुण्यात धाकटी बहीण सौम्या लॅपटॉप उघडून बसली की कुंभकोणमच्या टीव्हीवर तिचा उंदीर धावू लागे, तीही सोय हिचीच. आणि रोज संध्याकाळी अम्माबरोबर खेळायचं कुणी, तर सौम्याने!

डोळ्यांत थेंब घालायला वरा, गुडघ्याला तेल लावायला वरा. हसायला मात्र सौम्या. वरलक्ष्मी स्वतः एकदाच खेळली होती. अम्मा चुकली की ती लगेच खेळ मागे नेई आणि तेवढाच भाग पुन्हा करायला लावी. अम्माने तिला परत बोलावलं नाही. सौम्याबरोबर खड्ड्यात पडलं तरी दोघी खिदळत, आणि ते ऐकून वरलक्ष्मीच्या अंगाचा तिळपापड होई.

सौम्याचा फोन आला. अम्मा पदराला हात पुसत टीव्हीसमोर बसली.

"वरा, कालची बाग कुठे गे?"

"अस्कं, सगळंच पुसलं गेलं, अम्मा. खेळायचं तर पहिल्यापासून."

  वरलक्ष्मी उगाच मोगऱ्याचा गजरा चाचपत राहिली. आता अम्मा कंटाळेल, म्हणेल, राहू दे, चल, आपण दोघी ओट्यावर बसू.

"बेष झालं!" अम्माने टाळीच वाजवली. "आज खेळ संपणार म्हणून सकाळपासून घास उतरत नव्हता मज."

"मजही, अम्मा," सौम्या म्हणाली. "पण तुज सांगवेना."

अम्माचा चेहरा लहान मुलीसारखा फुलला होता.

"वरा, वेग हळूच ठेव हां. पुष्कळ दिवस पुरूं दे."

वरलक्ष्मीने वेग तपासला, पहिली बाग उघडली आणि दुसरा उंदीर पुण्याला जोडून दिला.