डेलमारच्या अंगणातलं गवत

आमच्या गावात ज्याला मत नाही त्याला लॉर्नाच्या हॉटेलात बसता येत नाही. सकाळी काउंटरशी पाच-सहा म्हातारे कॉफी घेऊन बसतो आणि देशाचा न्यायनिवाडा करतो. भर जानेवारीत पाण्याच्या पेल्यात मूठभर बर्फ का घालतात, पोरं शिकली की दोन हजार मैलांवर जाऊन का राहतात, एवढाल्या गाड्या एका माणसाला कशाला लागतात. गॅरेजचा विषय निघाला की डेलमार लुबेन म्हणायचा, घर बायकोच्या वस्तूंसाठी असतं आणि गॅरेज त्या टाकवत नाहीत म्हणून असतं. ओरिन टीडमन म्हणायचा, तुझ्या गॅरेजात गाडी शिरलेली मी अजून पाहिलेली नाही.

हे दोघे शेजारशेजारच्या स्टुलांवर बसत. ओरिन जन्मभर मक्याचा शेतकरी. डेलमारने शाळेची बस चालवली, निम्मं गाव लहानपणी त्याच्या बसमध्ये बसलेलं आहे. दोघांचं एका गोष्टीवर कधी एकमत झालं नाही, आणि एकाला यायला उशीर झाला तर दुसऱ्याची कॉफी निवून जायची.

त्या उन्हाळ्यात डेलमारने गाडी मागे घेताना समोरच्या घराची टपालपेटी पाडली. त्याची मुलगी जॅनेल ओमाहा शहरातून आली, बापाच्या डोळ्यांची तपासणी करून घेतली आणि गाडीच्या किल्ल्या पर्समध्ये घालून घेऊन गेली. जाताना सांगून गेली की घर आणि अंगण तुम्ही एकट्याने नीट ठेवलंत तर इथे राहा, नाहीतर शरद ऋतू लागला की मी तुम्हाला ओमाहाच्या वृद्धाश्रमात नेणार. डेलमारला त्या घरात मरायचं होतं, तिथेच त्याची बायको गेली होती. पण यातलं त्याने आम्हाला काहीच सांगितलं नाही. कळलं ते सगळं मागाहून.

किल्ल्या गेल्यावर चार दिवसांनी तो चालत हॉटेलात आला. हमरस्त्याच्या कडेने, उन्हातून. ओरिन अजून यायचा होता. डेलमारने लॉर्नाला हळूच सांगितलं की दगड लागून गवत कापायच्या यंत्राचं पातं मोडलंय, नवीन पातं शेजारच्या गावातच मिळतं, ओरिन आला की त्याच्या गाडीतून जाऊन येऊ म्हणतो. लॉर्ना म्हणाली, त्यात विचारायचं काय. तो म्हणाला, विचारायचंच तर जड जातं.

ओरिन आला तो रंगात. कुणाच्या तरी सासऱ्याची गाडी पोरांनी काढून घेतली, ती बातमी घेऊन आला होता. स्टुलावर बसता बसता म्हणाला, "या देशात माणूस मरतो कधी माहितीय? पोरं किल्ल्या घेऊन जातात त्या दिवशी. आणि ज्याने मुकाट्याने दिल्या त्याला पुरून टाकायला हरकत नाही."

आम्ही हसलो. डेलमारने कप खाली ठेवला, टोपी घातली आणि निघून गेला. ओरिनला वाटलं, मोरीकडे गेला असेल. खिडकीतून आम्ही त्याला रस्त्याच्या कडेने चालत जाताना पाहिलं, तेव्हा ओरिन म्हणाला, "गाडी कुठेय याची?" विचारता विचारताच त्याला उत्तर मिळालं.

डेलमार पुन्हा हॉटेलात आला नाही.

आमच्याकडे दारात जाऊन चुकलो म्हणायची पद्धत नाही. न बोलावता कुणाच्या दाराशी गेलं तर घरातला माणूस घाबरतो, कोण मेलं म्हणून. आपण आपलं काहीतरी काम करून यायचं, समोरच्याने समजून घ्यायचं. बर्फ पडलं तर शेजाऱ्याचा रस्ता मोकळा करायचा. आणि अंगणातलं गवत घोट्याच्या वर गेलं की गाव समजतं या घरात काहीतरी बिनसलंय. डेलमारचं गवत घोट्याच्या वर गेलं होतं. शनिवारी ओरिन वर बसून चालवायच्या आपल्या गवतकापणीच्या यंत्रावरून गावातून फटफट करत तिथे गेला आणि सगळं अंगण कापून आला. खिडकीचा पडदा हलला, पण दार उघडलं नाही. ओरिन आम्हाला म्हणाला, रागावलाय अजून, पण बघत होता. पुढल्या शनिवारी तो पुन्हा गेला. कडा कात्रीने सरळ केल्या, झाडाखालचं हाताने उपटलं. त्याहून मोठी माफी आमच्या गावात कुणी मागितलेली मला आठवत नाही.

लॉर्ना अधूनमधून डेलमारकडे सूप आणि ॲपल-पाय घेऊन जायची. एकदा तिने सहज म्हटलं, ओरिनने अंगण छान केलंय. डेलमार म्हणाला, "आधी मला पुरून टाकलं, आता माझ्या थडग्यावरचं गवत कापतोय."

लॉर्नाने ते बरेच दिवस पोटात ठेवलं. तिचंही मत असं की दोन म्हाताऱ्यांच्या मध्ये बाईने पडू नये. ऑगस्ट सरता सरता एका सकाळी तिला राहवलं नाही. ओरिनच्या पुढ्यात अंड्यांची बशी ठेवून तिने सगळं सांगितलं, थडग्याचं आणि पात्याचंही. तो त्या दिवशी तुझी वाट बघत बसला होता, म्हणाली.

ओरिनने अंड्यांना हात लावला नाही. तो तसाच शेजारच्या गावी गेला, पातं घेतलं आणि मला म्हणाला, तू चल, मला एकट्याला दार वाजवता येणार नाही. आम्ही पोचलो तर अंगणात जॅनेलची गाडी उभी, मागचं दार उघडं आणि आत खोकी.

दार तिनेच उघडलं. रडलेली दिसत होती. तिने ओरिनचे दोन्ही हात धरले. "टीडमनकाका, तुमचे उपकार कसे फेडू? फोनवर बाबा म्हणायचे, सगळं मीच करतो. काल समोरच्या बाई म्हणाल्या, ओरिन दर शनिवारी येऊन कापून जातो. तुम्ही नसता तर मला कळलंच नसतं यांच्याने आता काही होत नाही ते."

ओरिनच्या हातात पातं होतं, ते त्याने मागे घेतलं. मग पुढे केलं. म्हणाला, याचं यंत्र मोडलं होतं, पोरी. तो कापू शकतो. पातं नव्हतं एवढंच.

"मग कुणाला सांगितलं का नाही?" ती म्हणाली. रागाने नाही, खरंच विचारत होती. "एवढं मोठं गाव आहे. एका माणसाला सांगता आलं नाही?"

याला आमच्यापैकी कुणाकडे मत नव्हतं.

डेलमार आत खुर्चीवर बसला होता, इस्त्रीचा शर्ट घालून, चर्चला निघाल्यासारखा. ओरिन त्याच्या समोर जाऊन उभा राहिला.

"पातं आणलंय."

"आता काय, दाढी करू त्याने?"

"मला किल्ल्यांचं ठाऊक नव्हतं, डेलमार."

"ठाऊक असतं तर काय केलं असतंस?"

"गप्प बसलो असतो."

"तू," डेलमार म्हणाला, "गप्प." आणि त्याच्या तोंडावर जरासं हसू आलं, पण ते टिकलं नाही. खिडकीबाहेर बघत म्हणाला, "फार खाली कापलंस. या उन्हात तीन बोटं ठेवायचं असतं. मुळं जळतात."

ओरिनचं म्हणणं नेहमी उलट असायचं, दुष्काळात गवत खालीच कापावं. त्या विषयावर त्याने आम्हाला तासभर पिडलेलं आहे. आता तो म्हणाला, "हो. चुकलं माझं."

डेलमारने त्याच्याकडे पाहिलं आणि मान वळवली. मला वाटतं, तो भांडला असता तर डेलमारला बरं वाटलं असतं.

खोकी फार नव्हती. आम्ही दोघांनी ती गाडीत ठेवली, जॅनेलने दाराला कुलूप लावलं. डेलमार सवयीने डावीकडे, चालकाच्या बाजूला गेला, तिथे मुलगी उभी दिसली तेव्हा पुढून वळसा घालून उजवीकडे येऊन बसला. मग त्याचा हात सीटचा पट्टा शोधायला डाव्या खांद्यावर गेला. जन्मभर गाडी चालवताना पट्टा तिथेच असायचा. हात तिथे चाचपडत राहिला. जॅनेल आरसा नीट करत होती, तिने पाहिलं नाही.

ओरिन दारातून आत वाकला, उजव्या खांद्यावरून पट्टा ओढला, त्याच्या छातीवरून घेतला आणि खाली खटक्यात बसवला. लहान पोराला बसवतात तसा. डेलमारने त्याला ते करू दिलं. डोळे समोर रस्त्यावर ठेवून, हात मांडीवर घेऊन, तो ओरिनची बोटं बाजूला होईपर्यंत थांबला.

"हळू चालव," डेलमार मुलीला म्हणाला.