माझ्या अक्षरातला ड्रम

आमच्या फर्निचरच्या कारखान्यात इंग्रजी वाचणारी मी एकटीच. वासरात लंगडी गाय शहाणी, तशातली गत. माल आला की लेबल वाचायचं आणि डब्यावर खडूनं आपल्या भाषेत लिहायचं, हे स्टोअरमधलं माझं अकरा वर्षांचं काम. ते करताना माझी मान जरा ताठच असते, नाकारत नाही.

त्या दुपारी मी जेवायला घरी आले होते. लेक परीक्षेचे शब्द घोकत होती. फ्लेमेबल म्हणजे पटकन पेट घेणारं, इनफ्लेमेबल म्हणजेही पटकन पेट घेणारं. मी तिला झापलं, नीट वाच, 'इन' लागलं की अर्थ उलटा होतो, इनकरेक्टसारखा. तिनं पुस्तकच माझ्या नाकासमोर धरलं. दोन्ही शब्दांचा अर्थ एकच, आणि खाली सूचना, की इथं भलेभले फसतात.

हातातला घास मी ताटात ठेवला. सोमवारी जुना रंग उतरवायच्या नव्या द्रवाचा ड्रम आला होता. आगीचं चित्र वाटेत घासून गेलेलं, अक्षरं तेवढी शाबूत: इनफ्लेमेबल. मी ठसठशीत लिहिलं, 'जळत नाही', आणि स्टोअरमध्ये जागा नव्हती म्हणून ड्रम वेल्डिंगच्या शेडमध्ये ठेवायला लावला. तिथं वेल्डर म्हणजे माझे धाकटे दीर. जेवण झालं की लगेच कामाला लागतात, आणि फोन कपाटात ठेवतात.

त्यांचा फोन नुसता वाजत राहिला. ऑफिसातही कुणी उचलेना. हात न धुताच मी निघाले. रस्ता दहा मिनिटांचा. जाऊबाईंना काय तोंड दाखवणार होते मी? त्यातच एक लाजिरवाणा विचार मनात येऊन गेला. कुणी बघायच्या आत ओढणीनं ती अक्षरं पुसून टाकली, तर कुणाला काय कळणार? स्वतःचीच किळस आली, तरी विचार काही जाईना.

शेडमध्ये ठिणग्या उडत होत्या. ड्रम नव्हता. भाऊजींनी तोंडावरचा मास्क वर केला आणि मी काय विचारतेय ते ऐकून घेतलं. तो ड्रम त्यांनी सोमवारीच बाहेर काढला होता. झाकण उघडून वास घेतला, तेवढ्यावरून त्यांना कळलं होतं.

"वहिनी, तुम्ही लिहिता आणि आम्ही वास घेतो," ते म्हणाले. "बरीच वर्षं असंच चाललंय. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून कुणी बोललं नाही."

सुतार, पॉलिशवाले, सगळेच. जीव भांड्यात पडला आणि त्याच क्षणी मला रागही आला, अकरा वर्षांचा. पण भांडायला सवड नव्हती. ड्रम आता कुठंय, मी विचारलं. नव्या रंगाऱ्यानं सकाळी मागून नेला होता. तो महिन्यापूर्वीच लागलेला. त्याला वासाचं सांगितलंय का, असं विचारताच भाऊजींनी मास्क खाली टाकला. आम्ही दोघंही पळालो.

रंगाच्या खोलीत हवा दमट म्हणून हीटर लावलेला होता. वीतभर अंतरावर उघड्या झाकणाचा ड्रम, आणि रंगारी मगानं द्रव ट्रेमध्ये ओतत होता. भाऊजींनी बाहेरूनच मेन स्विच बंद केला. मी त्याला दंडाला धरून व्हरांड्यात ओढून आणलं. द्रवाचा मग अजून त्याच्या हातातच होता.

"ताई, ते जळत नाही," तो मला समजावू लागला. "तुम्हीच लिहिलंय की."

कारखान्यात माझ्या शब्दावर विसंबणारा तो एकटाच निघाला. मला रडू आलं. भाऊजी पटकन मध्ये पडले, कंपनीनंच लेबल चुकीचं लावलं असेल म्हणाले. मी नुसती मान डोलावली असती तरी निभावलं असतं.

"लेबल बरोबर होतं," मी म्हटलं. "मला ते वाचता आलं नाही."

रंगाऱ्यानं हातातला मग हळूच खाली ठेवला. आत भिंतीला लागून डब्यांची रांग होती, प्रत्येकावर माझं अक्षर. तो त्यांच्याकडे बघत राहिला.

"मग त्यांच्यावर लिहिलंय ते तरी बरोबर आहे का?" त्यानं विचारलं.

"माहीत नाही," मी म्हटलं.